पन्नीतला हात

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यावर लिहा, हलकंफुलकं चालेल." मलाही ते आवडलं असतं. गाड्या चमकवणाऱ्या माणसाकडे नमुनेदार गिऱ्हाइकांचा तोटा नसतो. पण हा धंदा मी एकट्याने केला नाही. जिच्याबरोबर केला ती माझी बायको शोभा आता नाही, आणि तिला वगळून लिहायला बसलो की दोन ओळींतच पेन थांबतं. तेव्हा जसं येईल तसं लिहितो. हलकं कितपत होईल, माहीत नाही.

चंद्रपूरच्या बाहेर पडताना डाव्या हाताला माझी पत्र्याची शेड होती. गाड्या धुणारे गावात पुष्कळ, आमचं काम जरा पुढचं. गाडीच्या रंगाला जे चिकटून बसतं आणि धुऊन जात नाही, ते आम्ही काढायचो, मग पॉलिश आणि शेवटी मेण. लोकांना वाटतं गाडी धुतली की साफ झाली. तुमची गाडी स्वच्छ धुवा, पुसा, सावलीत घ्या. मग भाजीची पातळ प्लॅस्टिकची पन्नी असते ना, तिच्यात हात घाला आणि बॉनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही, ते पन्नीतून कळतं. चंद्रपुरातली गाडी असेल तर हाताखाली रवा सांडल्यासारखं लागेल. डोळ्याला काही दिसणार नाही.

आमच्याकडे हवेतून काय काय येतं याची मोजदाद नाही. कोळशाची भुकटी येते, राख येते, सिमेंट येतं, रेल्वेच्या रुळांवरून लोखंडाचा कीस उडतो. कुठला कण कुठून आला हे मला विचारू नका, कणावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की ही सगळी मंडळी ओली होतात आणि दिवसाच्या उन्हात रंगावर घट्ट बसतात. लोखंडाचा कण तर गंजतो आणि मुळं धरतो. त्याच्यावरून तुम्ही पॉलिशचं मशीन फिरवलंत तर तोच कण गोल गोल फिरून अख्खं बॉनेट ओरबाडतो. म्हणून आधी ते उपटायचं.

त्यासाठी एक वडी मिळते. पोरांच्या खेळण्यातल्या मातीसारखी मऊ असते, आम्ही तिला मातीच म्हणायचो. साबणाचं पाणी फवारायचं आणि ही माती दाब न देता सरळ रेषेत सरकवायची. सुरुवातीला ती खरखरते, अडखळते. चार फेऱ्यांनंतर आवाज बंद होतो आणि ती घसरायला लागते. उलटून बघावं तर पांढरी वडी तपकिरी झालेली. मग घडी घालून नवीन बाजू काढायची. एक नियम देवाच्या नियमासारखा पाळायचा, तो म्हणजे वडी जमिनीवर पडली की कचऱ्यात. नवी कोरी असली तरी कचऱ्यात. खालची एक वाळू तिच्यात बसली तर आपणच गाडीला ओरखडे मारत फिरतो.

शोभा आधी फक्त डबा घेऊन यायची. एक दिवस मी पन्नीत हात घालून एका काळ्या गाडीचं दार तपासत होतो, ती म्हणाली, "मले पाहू द्या." तिने हात फिरवला आणि हँडलच्या खाली बोट टेकवलं. "इथी राह्यलं जी." मला तिथे काही लागलं नव्हतं. माती फिरवली तर खरंच खरखर झाली. ती मूल गावची, धानाच्या पट्ट्यातली. लहानपणापासून तांदूळ निवडून तिची बोटं तयार झाली होती. त्या दिवसापासून शेवटची तपासणी तिची. गाडी पूर्ण झाली की ती पन्नी चढवायची, डोळे मिटायची आणि टपापासून डिकीपर्यंत हात फिरवायची. मनासारखं झालं की एवढंच म्हणायची, "काच हाय. सोडा गाडी." ती 'काच' म्हणेपर्यंत गाडी शेडच्या बाहेर गेली नाही. गिऱ्हाईक घड्याळ दाखवो, नाहीतर साहेबाचा फोन जोडून देवो.

गिऱ्हाइकांचं सांगायचं तर एक रेतीचे ठेकेदार होते. मी माती म्हणालो आणि त्यांचा पारा चढला. "माती काढाले गाडी आनली अन् तू मातीच लावून राह्यला का बे?" त्यांना वडी हातात दिली, समजावलं. तरी ते खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. दुसरा नमुना लोखंड विरघळवणाऱ्या औषधाचा. ते फवारलं की जिथे लोखंडाचा कण असेल तिथून जांभळं पाणी ओघळतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. एक बाई पांढरी गाडी घेऊन आल्या होत्या. पाच मिनिटांत गाडीच्या अंगावरून जांभळे ओघळ वाहायला लागले, आणि बाई ओरडल्या, "अवो भाऊ, गाडी मारली का काय माझी!" शोभाने त्यांना हाताला धरून चहाला बसवलं. त्या नाकाला पदर लावून चहा प्यायल्या.

ऊर्जानगरचे, वीज केंद्राच्या वसाहतीतले, एक निवृत्त काका मला फार आवडायचे. गाडीवर पोटच्या पोरासारखी माया. पण रोज सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी पुसायचे. राख बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं म्हणजे रंगावर कानसच. सगळ्या बॉनेटवर जाळीसारखे गोल ओरखडे. मी हात जोडून सांगायचो, "काका, पाणी टाकल्याबिगर पुसू नका." ते म्हणायचे, "पन बाबू, राख दिसली का माह्या हात थांबत नाई." आमच्याकडे हे घराघरांत चालतं. माया जितकी जास्त, तितके ओरखडे जास्त.

दर पावसाळ्यानंतर त्याच गाड्या परत यायच्या. आम्ही काच करून सोडायचो आणि बाहेर रस्त्यावर उभी केली की पुन्हा पडायला सुरुवात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट मी चेष्टा करायचो की वरचा कारखाना चालू आहे तोवर आपली चूल विझत नाही. शोभा हसायची. नंतर नंतर ती हसताना खोकायला लागली.

आधी वाटलं साबणाच्या वासाने असेल. मग टपाला हात पोचावा म्हणून ती स्टुलावर चढायची, ते चढून झालं की थांबायला लागली. मग शेडच्या दारापासून गाडीपर्यंत येतानाही थांबायला लागली. रात्री दोन उशा लागायच्या. डॉक्टरांनी फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. फुप्फुसं कडक होत चालली आहेत म्हणाले. कशाने झालं असं ठाम सांगता येत नाही, लहानपणीच्या चुलीचा धूरही असेल, इथली हवाही असेल. औषध दम लांबवेल, झालेलं मागे फिरणार नाही. "जमलं तर हवा चांगली असेल तिथे राहा," असंही म्हणाले.

मी त्यांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, आत चिकटलेलं काही करून काढता येत नाही का?" माझा जन्म त्याच कामात गेलेला, दुसरं काय सुचणार. ते नाही म्हणाले आणि माझ्याकडे न बघता लिहीत राहिले. शोभाने मला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "काहीबी इचारता जी."

हवा चांगली म्हणजे कुठली? आकाश निळं दिसतं म्हणून हवा चांगली असते यावर माझा विश्वास नाही. माझ्याकडे एकच माप होतं. पातळ पन्नी, साबणाची बाटली आणि एक फडकं घेऊन मी मोटारसायकलवर निघालो. ज्या गावात राहायचं म्हणू त्या गावातल्या उभ्या गाड्या तपासायच्या. रंग खोटं बोलत नाही. गाडी ज्या हवेत उभी असते, ती हवा तिच्या अंगावर लिहिलेली असते.

पहिल्यांदा मूल, तिचं माहेर. तिचा भाऊ देवीदास याने आनंदाने एक खोली रिकामी करतो म्हटलं. मी त्याच्या दारातल्या गाडीचा एक कोपरा धुतला आणि पन्नीत हात घातला. त्याचा चेहरा पडला. "भाटवे," मेहुणा मला म्हणाला, "कालच धुतली गाडी." हाताला खरखर लागली, फडक्यावर काळं आलं. भाताच्या गिरण्यांत कोंडा जाळतात, त्याची काजळी. देवीदास म्हणाला, "एवढं तं चालते." आगीतून फुफाट्यात, मी मनात म्हटलं. त्याला हो-नाही काही न सांगता निघालो. त्याने ते मनाला लावून घेतलं, अजून नीट बोलत नाही.

मग इकडे तिकडे फिरलो. गडचिरोलीच्या एका चौकात मी कोणाच्या तरी गाडीचं दार डोळे मिटून चाचपतोय हे पाहून चार माणसं गोळा झाली. गाडीचोर म्हणून माझी कॉलर धरली. मी सांगितलं, बायकोसाठी हवा शोधतोय. ते एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "सोडा रे, डोक्यावर परिनाम झाला बिचाऱ्याच्या." कॉलर सुटली, पण त्या गाडीवरही लाल खर होती. मोठ्या रस्त्याने लोहखनिजाचे ट्रक जातात, त्याची.

जागा शेवटी शोभाच्याच हाताने सापडली. आमचे एक जुने गिऱ्हाईक, दवाखान्यात कंपाउंडर, बदली होऊन गडचिरोलीच्या जंगलात मुलचेऱ्याला गेले होते. पोरीचं लग्न ठरलं म्हणून गाडी पॉलिशला घेऊन आले. शोभा तेव्हा खुर्चीवर बसून असायची, हात तेवढे शाबूत. गाडी धुतल्यावर सवयीने पन्नी चढवून तिने दार तपासलं आणि थांबली. पुन्हा फिरवला हात.

"भाऊ, हे गाडी काऊन आनली आमच्याकडं? हे तं काच हाय."

"काय केलं नाई जी बाई," कंपाउंडर म्हणाले. "तिकडं झाडाखाली उभी राह्यते वर्षभर."

शोभाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडचा तो शब्द रोजचाच, पण माती न फिरवता पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्याच दिवशी मी मुलचेऱ्याला गेलो. त्या भागात बंगाली लोकांची गावं आहेत, बापजाद्यांनी निर्वासित म्हणून येऊन वसवलेली. धान, भाजीपाला, दारामागे माशांचं तळं. एका घरापुढे जुनी पांढरी व्हॅन उभी होती, धुळीने माखलेली. मी परवानगी मागायला गेलो तर आतून लुंगी घातलेले निताईबाबू आले. "क्या देखता है दादा? गाडी बेचना नहीं है." मी सगळं सांगितलं. त्यांनी बादली आणून दिली. धूळ पाण्यासरशी निघून गेली. पन्नीत हात घालून मी बॉनेट, टप, दारं सगळं तपासलं. गुळगुळीत. इतक्या जुन्या गाडीवर एक कण नाही. मला रडू आलं, आणि निताईबाबूंना वाटलं गाडीत काहीतरी मोठा बिघाड निघाला.

तळ्याकाठी त्यांची दोन खोल्यांची जागा रिकामी होती. तीत आम्ही राहायला आलो. शेड मी बंद केली. मुलचेऱ्याला माझ्या धंद्याला कुत्रंही विचारणार नाही हे मला कळत होतं. हवा चांगली म्हणजे माझं काम नाही, हिशोब सरळ होता. ट्रॅक्टर धुऊन द्यायचो, मोटारसायकली धुऊन द्यायचो. सामानात एक नवी वडी आणि त्या जांभळं पाणी काढणाऱ्या औषधाची अर्धी बाटली तेवढी आणली होती.

पहिले काही महिने चांगले गेले, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. शोभाची एक उशी सुटली. ती तळ्याच्या बांधापर्यंत एका दमात जायला लागली. निताईबाबूंच्या घरच्या बाया तिला मासा खायला घालायच्या आणि ती त्यांना आमच्याकडचं आंबील शिकवायची. सकाळी ती पन्नी मागायची, दारातल्या व्हॅनवर हात फिरवायची आणि म्हणायची, "काच." तिच्यासाठी ते देवपूजेसारखं झालं होतं. मला वाटलं, निसटलो आपण. खरं सांगतो, तसं वाटलं.

मग तिकडे मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि खनिजाचे ट्रक आमच्या रस्त्याने वळले. थोड्या दिवसांसाठी, असं सांगत होते. रात्रंदिवस जायचे, ताडपत्री कधी बांधलेली, कधी उडालेली. पळसाची पानं आधी लाल दिसायला लागली. शोभाचा दम पुन्हा चढू लागला, पण दुखणं आहे, कमीजास्त होणारच, असं मी स्वतःला समजावत होतो. एका सकाळी ती उठायच्या आत मी व्हॅनचा मागचा कोपरा धुतला आणि पन्नीत हात घातला. खर लागली. बारीक, पण लागली.

तरी खात्री करायची म्हणून मी सामानातून ती अर्धी बाटली काढली आणि कोपऱ्यावर फवारली. बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने जांभळे थेंब आले आणि पांढऱ्या पत्र्यावरून ओघळायला लागले. शेडमध्ये हजार वेळा पाहिलेलं ते पाणी. गिऱ्हाइकांना मी म्हणायचो, घाबरू नका, निघतंय ते. आता कुठे न्यायचं हिला? माझ्याकडे दुसरं गाव नव्हतं. मोटारसायकलवर पुन्हा निघायची ताकद नव्हती, आणि तिला तर प्रवासच झेपला नसता. मी भराभर पाणी ओतलं, फडक्याने पुसलं, बाटली लुंगीत लपवली. वास मात्र पुसता येत नाही.

मागून आवाज आला, "कायचा वास येऊन राह्यला जी?"

शोभा दारात भिंतीला धरून उभी होती. तो वास तिने माझ्याइतकाच वर्षानुवर्षं घेतला होता.

"तळ्याचा असंल," मी म्हटलं. "मासोळी मेली असंल एखांदी."

भिंतीला धरत, थांबत थांबत व्हॅनपाशी आली आणि हात पुढे केला. "पन्नी द्या."

"आज ऱ्हाऊ दे, शोभा. दम लागून राह्यला तुले."

"द्या म्हनलं ना."

मी दिली. न देऊन काय करणार होतो. तिने पन्नी चढवली, डोळे मिटले. मी ओला केलेल्या त्याच कोपऱ्यावर तिने हात ठेवला आणि हळूहळू फिरवला. माझ्या रापलेल्या बोटांना जे लागलं ते तिला लागलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. हँडलखालचा कण पहिल्याच दिवशी ओळखणारा हात तो. एका जागी तो थांबला. मग पुन्हा पुढे गेला, पार टोकापर्यंत.

तिने डोळे उघडले, पन्नी काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"काच हाय," ती म्हणाली. "सोडा गाडी."

इतक्या वर्षांत तिने खोटी पास केलेली ही एकच गाडी. मी तळ्याकडे बघत होतो, तिने माझा दंड धरला आणि आम्ही आत आलो. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पन्नी मागितली नाही. पाऊस लागायच्या आधी ती गेली. शेवटचे दिवस कसे होते ते लिहीत नाही, ज्यांनी आपल्या माणसाला हवेसाठी तडफडताना पाहिलं आहे त्यांना सांगायची गरज नाही.

मी अजून निताईबाबूंच्याच खोल्यांत राहतो. रस्त्याचं काम चालूच आहे, ट्रकही चालू आहेत. निताईबाबू मधूनमधून म्हणतात, "दादा, तुम्हारा वो मिट्टी है ना, गाडी पे मारो एक बार, लाल पड गया है." ती वडी कागदात गुंडाळलेली तशीच पडून आहे. मी व्हॅन नुसती पाण्याने धुतो आणि सोडून देतो. माती फिरवायची तर आधी पन्नीत हात घालून बघावं लागतं, आणि शोभाने तपासून सोडलेल्या गाडीवर मी परत हात फिरवला असं आमच्या शेडमध्ये कधी झालं नाही.